मनोऱ्याची उंची आणि बिंदूंची वाढ

मराठीत गणितावर लिहिणाऱ्याच्या लेखणीखाली ‘अनंत’ हा शब्द आला, की ती हळूच देवघराकडे वळते. अनंत म्हणजे ज्याचा पार लागत नाही ते. तेव्हा तिथे हात जोडायचे आणि लेख आवरता घ्यायचा, अशी आपली रीत पडून गेली आहे. गणिताच्या दृष्टीने खरे काम मात्र तिथूनच सुरू होते. अनंत मजल्यांचा मनोरा असेल, तर वर जाताना काय वाढते, किती वेगाने वाढते आणि काय वाढायचे थांबते, हे प्रश्न नेमके आहेत आणि त्यांतल्या काहींची उत्तरे सिद्ध झाली आहेत.

या लेखात मला एका निबंधाची आणि त्याने सुरू केलेल्या पन्नास वर्षांच्या वादाची समीक्षा करायची आहे. निबंध बॅरी मेझर यांचा. १९७२ साली तो ‘इन्व्हेन्शिओनेस मॅथेमॅटिके’ या नियतकालिकात आला. संख्याक्षेत्रांच्या मनोऱ्यांत आबेली व्हरायटींवरच्या परिमेय बिंदूंचे काय होते, हा त्याचा विषय. पाने ऐंशीहून अधिक. आबेली व्हरायटींतला सर्वांत साधा प्रकार म्हणजे एलिप्टिक कर्व्ह, मराठीत विवृत्तीय वक्र. मी इथे तेवढ्यापुरताच बोलणार आहे. माझे म्हणणे एवढेच, की मनोरा अनंत आहे यावरून काहीच ठरत नाही. वाढ ठरते ती मनोऱ्यात किती नव्या मूळ संख्यांना वाट मिळाली आणि मनोऱ्याची सममिती कोणत्या जातीची आहे, यावरून.

पंचवीस आणि सत्तावीस यांच्यामध्ये

२६ ही संख्या एका वर्गाच्या आणि एका घनाच्या मध्ये बसलेली आहे. अलीकडे २५, पलीकडे २७. अशी जागा मिळालेली ती एकमेव संख्या, हे फर्माने सतराव्या शतकात सांगितले. समीकरणाच्या भाषेत: ‘य चा वर्ग = क्ष चा घन − २’ या वक्रावर (३, ५) हा बिंदू आहे आणि धन पूर्णांकांत दुसरा नाही. पण अपूर्णांक चालतील म्हटले, की चित्र पालटते. (३, ५) पाशी वक्राला स्पर्शिका काढा. ती वक्राला पुन्हा एका ठिकाणी भेटते: क्ष = १२९/१००, य = ३८३/१०००. ताळा कागदावर करता येतो. या नव्या बिंदूवरून आणखी नवा, त्यावरून आणखी, असे न संपणारे बिंदू मिळत जातात. दोन उत्तरांवरून तिसरे घडवण्याची ही युक्ती आपल्याला परकी नाही. वर्गसमीकरणांसाठी ब्रह्मगुप्ताने ‘भावना’ या नावाने असेच केले होते आणि भास्कराचार्यांनी ते चक्रवाल पद्धतीत वापरले.

१९२२ साली मॉर्डेलने सिद्ध केले, की अशा कोणत्याही वक्रावरचे सगळे परिमेय बिंदू मोजक्या बिंदूंपासून घडवता येतात. १९२८ साली वेईने हेच प्रत्येक संख्याक्षेत्रासाठी दाखवले. ठरावीक पावलांत फिरून मूळ जागी येणारे बिंदू बाजूला ठेवले, तर उरलेल्यांना पुरे पडणारे स्वतंत्र बिंदू किती, ही संख्या म्हणजे वक्राची रँक. वरच्या वक्राची रँक १ आहे.

अधूनमधून रँकची बातमी होते ती विक्रमाच्या रूपाने. २००६ साली एल्कीज यांनी रँक निदान २८ असलेला वक्र दाखवला. २०२४ साली एल्कीज आणि क्लाग्सब्रुन यांनी २९ गाठले. या संख्या कौतुकाच्या आहेत, पण विक्रम वक्र बदलून केलेले आहेत. मेझर यांचा प्रश्न वेगळा होता. वक्र तोच ठेवायचा आणि संख्यांचे जग मोठे करत जायचे.

उतरंड नव्हे

संख्यांचे जग मोठे करायचे म्हणजे परिमेय संख्यांत √२ घालायचा आणि बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार करून जे काही मिळेल ते सगळे घ्यायचे. हे झाले एक संख्याक्षेत्र. त्यात आणखी एक मूळ घातले, की पुढचे. या साखळीला गणिती ‘टॉवर’ म्हणतात आणि आपण मनोरा म्हणतो. या प्रतिमेबद्दल माझी तक्रार आहे.

तेर हे कुंभाराचे गाव म्हणून महाराष्ट्राला ठाऊक आहे. कुंभाराचीच उपमा घेतो. मनोरा म्हटले की डोळ्यांसमोर उतरंड येते: खाली मोठा रांजण, त्यावर माठ, त्यावर लोटके. प्रत्येक भांडे वेगळे आणि वरचे लहान. संख्याक्षेत्रांचे नेमके उलटे आहे. वरचे क्षेत्र मोठे आणि खालचे पूर्णपणे त्याच्या पोटात. एकात एक बसलेली भांडी ही खरी प्रतिमा. त्यामुळे खालच्या मजल्यावरचा बिंदू वर हरवत नाही. रँक वर जाताना कमी होत नाही. ती तेवढीच राहते किंवा वाढते. मनोरा हा शब्द रूढ आहे म्हणून मीही वापरतो, पण ही दुरुस्ती मनात ठेवून.

वेईच्या प्रमेयामुळे प्रत्येक मजल्यावर रँक सांत असते. मजले मात्र अनंत आहेत. सगळे मजले एकत्र घेतल्यावर रँक सांत राहील का?

एक वक्र, दोन मनोरे

वक्र घेऊ ‘य चा वर्ग = क्ष चा घन − क्ष’. परिमेय संख्यांवर याची रँक ० आहे. पूर्णांक बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचे क्षेत्रफळ पूर्ण वर्ग नसते, हे फर्माचे प्रमेय म्हणजे या शून्याचेच दुसरे रूप.

आता पहिला मनोरा. क्ष = २ घातले, तर उजवीकडे ८ − २ = ६ येतात, म्हणजे य = √६. परिमेय संख्यांत √६ नाही. तो घेतला की (२, √६) हा नवा बिंदू मिळतो. (३, ४, ५ या त्रिकोणाचे क्षेत्रफळही ६ आहे आणि तो योगायोग नाही.) क्ष = ४ घातले, तर ६० येतात, म्हणजे २√१५. क्ष = ५ ला १२०, म्हणजे २√३०. क्ष = ६ ला २१०. जे वर्गमूळ लागेल ते घेत गेलो, तर रँक अमर्याद वाढते, कारण वेगवेगळ्या वर्गमूळांनी दिलेले बिंदू एकमेकांपासून स्वतंत्र असतात. √६ चे चिन्ह उलटे केले, तर त्याचा बिंदू उलटतो, √१५ चा जागीच राहतो. सर्व वर्गमूळे घेतली तर परिमेय सहगुणकांच्या कोणत्याही विवृत्तीय वक्राची रँक अनंत होते, हे फ्राय आणि यार्डेन यांनी १९७४ साली दाखवले.

दुसरा मनोरा असा: √२, मग √(२ + √२), मग √(२ + √(२ + √२)), आणि असेच पुढे. शाळेत अर्ध्या कोनाचे सूत्र शिकलेल्याला हे ओळखू येईल. ४५ अंश, २२.५ अंश, ११.२५ अंश यांच्या कोज्यांची ही दुप्पट आहे. प्रत्येक मजला खालच्याच्या दुप्पट मोठा. उंचीने हा मनोराही अनंत. पण त्याच वक्राची रँक या सबंध मनोऱ्यात सांत राहते. एका मजल्यानंतर नवे स्वतंत्र बिंदू यायचे थांबतात.

वक्र तोच, उंची दोन्हीकडे अनंत, आणि उत्तरे विरुद्ध. फरक हा, की पहिल्या मनोऱ्यात प्रत्येक नवे वर्गमूळ आपल्या मूळ संख्या घेऊन येते: ६ बरोबर २ आणि ३, १५ बरोबर ३ आणि ५. दारे उघडतच जातात. दुसऱ्यात पहिल्या मजल्यापासून शेवटपर्यंत फक्त २ ला वाट आहे. असाच मनोरा ३, ५, ७ अशा प्रत्येक मूळ संख्येसाठी उभा राहतो. त्याला चक्रीय मनोरा म्हणू. मेझर यांची अटकळ होती, की चक्रीय मनोऱ्यात रँक मर्यादित राहते.

त्यांच्या निबंधाचे मोठेपण अटकळीपेक्षा पद्धतीत आहे. इवासावा यांनी १९५०च्या दशकात वर्गगटांसाठी वापरलेली दृष्टी त्यांनी वक्रांकडे वळवली. मजल्यामागून मजला चढायचा नाही. थेट शिखरावरचा सगळा ऐवज एकत्र घ्यायचा, त्याची रचना समजून घ्यायची आणि मग खालचा प्रत्येक मजला त्यावरून वाचायचा, आणि चूक किती होईल यावर आधीच बंधन घालायचे. कळस आधी, पाया नंतर. निबंधाची मर्यादाही इथेच आहे. ही पद्धत ‘सामान्य’ म्हणवल्या जाणाऱ्या मूळ संख्यांनाच नीट लागू पडते, आणि शिखरावरचा ऐवज फार मोठा नाही हे तिथे गृहीत धरावे लागते. ते गृहीतक सिद्ध व्हायला तीन दशके लागली. १९८४ साली रोरलिख यांनी आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या कामात काटो यांनी दोन टोकांकडून बोगदा खणला. वाइल्स आणि त्यांच्यानंतरच्या गणितींनी २००१ पर्यंत पुरे केलेले मॉड्युलॅरिटीचे प्रमेय मध्ये आले आणि परिमेय सहगुणकांच्या सर्व विवृत्तीय वक्रांसाठी अटकळ खरी ठरली.

गोरोबाकाकांचे थापटणे

रोरलिख यांचे टोक कोणते, हे सांगायला तेरची सर्वांना माहीत असलेली कथा उपयोगी पडते. संतमंडळी गोरोबाकाकांकडे जमली होती. थापटणे कशासाठी, असे मुक्ताबाईंनी विचारले. मडके कच्चे की पक्के ते कळण्यासाठी, असे उत्तर मिळाल्यावर आमची मडकी पारखा, असे त्यांनी सुचवले. गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरले. कथेतला गणिताच्या उपयोगाचा भाग असा, की मडके न फोडता, बाहेरून ठोकून, आवाजावरून आतली स्थिती सांगायची.

बर्च आणि स्विनर्टन-डायर यांनी १९६०च्या दशकात केंब्रिजच्या संगणकावर हेच केले. वक्राला एकेका मूळ संख्येने ठोकायचे. ५ ने भागल्यावर उरणाऱ्या बाकीच तेवढ्या पाहायच्या; मग ‘य चा वर्ग = क्ष चा घन − क्ष’ याला किती उत्तरे आहेत? क्ष = ०, १, ४ यांना एकेक; क्ष = २, ३ यांना दोन-दोन; एकूण ७. सरासरीने ५ अपेक्षित होती. अशा सर्व मूळ संख्यांचे आवाज एकत्र करून एल-फल बनते. रँक शून्य नसेल, तर आवाज सरासरीहून भरीव येत राहतात आणि मध्यबिंदूपाशी एल-फलाची किंमत शून्य होते. जितकी रँक, तितक्या पदरांचे ते शून्य. ही त्यांची अटकळ. सर्वसाधारण रूपात ती आजही सिद्ध नाही. पण मध्यबिंदूवर शून्य नसेल तर रँक शून्य, ही बाजू आपल्या कामापुरती हाती आहे. रोरलिख यांनी दाखवले, की चक्रीय मनोऱ्यात मोजके मजले सोडले तर ठोक्याचा आवाज शून्य येत नाही. काटो यांनी दाखवले, की आवाज शून्य नसेल तिथे नवे बिंदू नाहीत. दोन्ही मिळून वाढ थांबली.

उपमेची हद्दही सांगायला हवी. थापटणे मडक्याची स्थिती सांगते, मडके घडवत नाही. एल-फल बिंदू आहे असे सांगते, पण तो कुठे आहे हे सांगत नाही. या विषयावरच्या लोकप्रिय लेखनात ही दरी नेहमी बुजवली जाते. तिला मी दोष मानतो.

आरसा असलेला मनोरा

एवढ्यावर वाचकाला वाटेल, मोजक्याच मूळ संख्यांना वाट दिली की वाढ थांबते. तसे नाही. परिमेय संख्यांऐवजी √−१ किंवा √−७ यांसारखे मूळ घेतलेले क्षेत्र पायाला धरले, तर एकाच मूळ संख्येला वाट देणारा आणखी एक मनोरा उभा राहतो. त्याची सममिती वेगळी आहे. चक्रीय मनोऱ्यात नुसती फिरकी आहे; दोन फिरक्या कोणत्याही क्रमाने घेतल्या तरी तेच. या मनोऱ्यात फिरकीबरोबर आरसाही आहे आणि आरसा फिरकीची दिशा उलटवतो. कुंभाराला हे सांगावे लागत नाही: आधी चाक, मग भट्टी. उलट केले तर मडके होत नाही. क्रमाला अर्थ आला, की गणितही बदलते.

आरशाने काय होते? एल-फलाला मध्यबिंदूभोवती सममिती असते. चक्रीय मनोऱ्यात आरशात पाहिले तर जोडीदार दिसतो: एका फलाचे प्रतिबिंब दुसरेच फल असते, म्हणून कोणावर सक्ती नाही. या मनोऱ्यात प्रत्येक फलाला स्वतःचेच प्रतिबिंब दिसते, फक्त चिन्ह तेच किंवा उलटे. चिन्ह उलटे असेल, तर मध्यबिंदूवरची किंमत स्वतःच्या ऋण किमतीएवढी, म्हणजे शून्य. मजल्यामागून मजला, न चुकता शून्य. मेझर यांनी १९८३च्या वॉर्सा येथील आंतरराष्ट्रीय गणित परिषदेत या वाढीचा नेमका अंदाज मांडला. जिथे चिन्ह उलटे असते अशा एका मोठ्या वर्गात बिंदूही हाती येतात. त्यांना हीग्नर बिंदू म्हणतात. वर चढताना ते विझत नाहीत, हे कॉर्न्यू यांनी २००२ साली आणि वात्सल यांनी २००३ साली सिद्ध केले. विशेष गुणाकार असलेले वक्र वगळले आणि योग्य अटी पाळल्या, तर ३ च्या मनोऱ्यात रँक १, ३, ९, २७, ८१ यांच्या चालीने वाढते. फरक पडतो तो एका ठरावीक मर्यादेतच. चिन्ह तेच राहिले, तर अशी वाढ होत नाही. १९७२ च्या निबंधाला त्याच लेखकाने लिहिलेली ही पुरवणी मला मूळ निबंधाइतकीच मोलाची वाटते, कारण तिने ‘मनोऱ्यात रँक मर्यादित’ हे वाक्य घोषणा होण्यापासून वाचवले.

मुंबई, अकोला

पुढचा टप्पा आपल्या अंगणात झाला आहे. मुंबईतल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सुजाता रामदोराई यांनी जॉन कोट्स यांच्याबरोबर अशा मनोऱ्यांचा अभ्यास केला, ज्यांत १ ची मुळे आणि एखाद्या संख्येची मुळे एकत्र घेतली जातात आणि क्रमाला पूर्ण महत्त्व येते. अशा मनोऱ्यांसाठी मुख्य अटकळ कशी मांडावी, हे कोट्स, फुकाया, काटो, सुजाता आणि व्हेन्याकोब या पाच जणांनी २००५ साली लिहिले. त्यांपैकी पहिल्या चौघांच्या २०१० च्या निबंधात दिसते, की विशिष्ट अटींखाली चिन्हाच्याच जोरावर प्रत्येक मजल्यावर सेल्मर गटाची रँक निदान एकाने वाढते. सेल्मर गट म्हणजे बिंदूंचा वरून घातलेला अंदाज. तो आणि खरे बिंदू यांच्यातल्या फरकाला टेट-शाफारेविच गट म्हणतात. तो सांत आहे असे मानले जाते, पण सर्वत्र सिद्ध नाही. म्हणून ‘सेल्मर रँक वाढली’ आणि ‘बिंदू वाढले’ ही वाक्ये एक नव्हेत.

अकोल्यात जन्मलेले महेश काकडे यांनी कोट्स यांच्याकडे केंब्रिजला संशोधन केले. क्रमाला महत्त्व असलेल्या मनोऱ्यांची मुख्य अटकळ त्यांनी पूर्ण वास्तव क्षेत्रांसाठी, एका गृहीतकासह, सिद्ध केली. निबंध २०१३ साली आला. त्यातला विषय विवृत्तीय वक्र नाही, झीटा फले आहेत. पण हत्यारे त्याच कारखान्यातली आहेत. पुढे समित दासगुप्ता यांच्याबरोबर ब्रूमर-स्टार्क अटकळीवरचे काम झाले आणि २०२२ साली काकडे यांना इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

वाढ न होण्याचे मोल

याचा उपयोग काय, असा प्रश्न येतोच. एक उत्तर असे. पूर्णांकांच्या समीकरणाला उत्तर आहे की नाही हे ठरवणारी एकच यांत्रिक रीत द्या, असे हिल्बर्टने १९०० साली मागितले होते. अशी रीत असूच शकत नाही, हे १९७० साली मातियासेविचने पूर्णत्वास नेले. मोठ्या संख्याक्षेत्रांच्या पूर्णांकांचे काय? तिथे हेच सिद्ध करायला एक असा वक्र पुरतो, ज्याची रँक पायाला शून्याहून अधिक आहे आणि वरच्या मजल्यावर तेवढीच राहते. असे वक्र वापरून प्रत्येक संख्याक्षेत्राच्या पूर्णांकांसाठीही अशी रीत असू शकत नाही, हे कोयमान्स आणि पागानो यांनी डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केले. भार्गव आणि सहकाऱ्यांनीही वेगळ्या वाटेने तेथवर मजल मारली. रँक न वाढणे ही इथे उणीव नाही. माणसाच्या रीतींची हद्द कुठे आहे, हे तिच्यावरून ठरते.

आपल्या गणितविषयक लेखनावर माझा आक्षेप इथे येऊन टेकतो. पुरस्कार मिळाला की आपण गाव, शाळा, आईवडील आणि रक्कम छापतो. काम मात्र ‘अत्यंत क्लिष्ट’ या दोन शब्दांत गुंडाळतो. क्लिष्ट आहे हे खरे. पण या लेखात लागलेले सामान म्हणजे स्पर्शिका, अर्ध्या कोनाचे सूत्र, ५ ने भागल्यावरची बाकी आणि स्वतःच्या ऋणाएवढी संख्या शून्य असते, एवढे दहावी-बारावीचे ज्ञान. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या मठाची नोंद आहे, १२०७ सालची. तो मठ आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी होता आणि त्याच्या खर्चाची तजवीज करताना शिलालेखाची भाषा मराठी होते. आठशे वर्षांपूर्वी या भाषेला गणिताच्या वाचनाचा खर्च उचलण्याइतकी जबाबदारी दिलेली होती.

मेझर यांचा निबंध मराठीत यावा, असे मी म्हणत नाही. तो कोणत्याच भाषेत सामान्य वाचकासाठी नाही. पण कुलाब्यात, अकोल्यातून निघून केंब्रिजला किंवा आता बंगळुरात कोणी काय सिद्ध केले, त्यात कोणती अट होती, कोणता भाग अटकळ आहे आणि कोणता प्रमेय, एवढे स्पष्ट मराठीत सांगता येते. कौतुकाला एवढ्या तपशिलाची गरज नसते. समीक्षेला असते, आणि ज्याचे काम आहे त्यालाही बहुधा तीच अधिक आवडेल.